लहान टर्बो एवढा हुशार निघालाच कसा?

त्या दिवशी सकाळपासून एकाच पॉइंटवर अडकलो होतो. डायनोवर, म्हणजे इंजिनवर भार टाकून ते तपासायच्या यंत्रावर, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, पूर्ण लोड, दोन टर्बो एकामागोमाग. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारी टर्बाइन आणि तिच्या जोरावर हवा दाबणारा कंप्रेसर. हवेच्या वाटेवर आधी मोठा एलपी (कमी दाबाचा), मध्ये हवा गार करणारा कूलर, मग लहान एचपी (जास्त दाबाचा). हवेचा दाब एकूण 4.18 पट करायचा होता. दोन टप्प्यांच्या रेशोंचा गुणाकार होतो, म्हणून वाटणी ठरवली होती एलपीला 2.2 आणि एचपीला 1.9. ती साधायला एचपी टर्बाइनचा बायपास आणि एलपीचा वेस्टगेट, असे धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारे दोन व्हॉल्व्ह हाताशी. बायपास उघडायचा, वेस्टगेट मिटायचा, की बूस्ट (हवेचा एकूण दाब) तोच राहून भार मोठ्याकडे सरकतो.

स्क्रीनवर एलपी 2.2 पर्यंत चढता चढत नव्हता. बायपास उघडत उघडत शेवटी एकदाचा आणला, तर डिझेल 204 ग्रॅम प्रति किलोवॅट-तास. गणितात 200 येत होतं. त्यात लोड जरा उतरवला की मोठा टर्बो भस्स-भस्स करायचा, धाप लागलेल्या माणसासारखा. हा सर्ज, म्हणजे कंप्रेसरमधून हवा उलटी फिरणं. पण मॅपवर, म्हणजे कंप्रेसरच्या क्षमतेच्या आलेखावर, 2.2 ला सर्ज रेषा चांगली लांब होती.

मॅपच खोटा, असं मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं. (दुसऱ्याच्या कागदावर दोष ढकलायला मला फार वेळ लागत नाही.) त्याआधी सहज म्हणून दाब-तापमानावरून दोन्ही कंप्रेसरची कार्यक्षमता काढली. एलपी 66 टक्के, एचपी 83. आणि एचपीच्या मॅपवरचा सगळ्यात वरचा आकडा होता 76! एक फारच नालायक, दुसरा फारच गुणी. दोघांच्या मधला दाब खरा असता तर असं होणार नाही. तो कमी दिसला की मोठ्याचं श्रेय लहानाच्या खात्यात जमा होतं.

“पण सेन्सरचा झीरो रोज सकाळी बघतो साहेब, बरोबर असतो,” इंजिन सांभाळणारे काका म्हणाले. मग दोघं सेलमध्ये, म्हणजे इंजिनच्या खोलीत, शिरलो. मधल्या दाबाची नळी कूलरनंतरच्या पाइपातून निघून इंजिनशेजारी खाली लोंबकळत होती आणि तिथून वर, डोक्यावरच्या सेन्सर बॉक्समध्ये गेली होती. काकांनी टोक सोडलं, तर अर्धा पेला पाणी!

हवा दमट, त्यात दाबलेली. गार नळीत वाफेचं पाणी होऊन त्या झोळात साचत होतं. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंना सारखं, म्हणून झीरो बरोबर. बूस्ट चढला की तेच पाणी उभ्या नळीत वर चढायचं. दीड मीटर पाणी म्हणजे सुमारे 0.15 बार. म्हणजे स्क्रीनवर 2.2 दिसत होतं तेव्हा एलपी प्रत्यक्षात 2.35 वर होता, सर्जच्या उंबरठ्यावर, आणि आम्ही त्याला आळशी म्हणून आणखी ढकलत होतो.

काकांनी नळी फुंकून साफ केली, सरळ चढत नेली, खाली पाणी काढायला कॉक बसवला. बायपास थोडा मिटला, वेस्टगेट थोडा उघडला. प्रत्येक बदलानंतर तापमानं स्थिरावेपर्यंत थांबणं आलंच. संध्याकाळी 201 ग्रॅम, भस्स-भस्स गायब.

मागच्या आठ दिवसांचे फुल लोडचे सगळे पॉइंट मात्र पुन्हा घ्यावे लागले.