थोडं अ‍ॅडजस्ट करा

“थोडं अ‍ॅडजस्ट करा ना, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.” ड्रिलच्या आवाजात अ‍ॅडमिनच्या साहेबांना हे तीनदा ओरडून सांगावं लागलं.

लोअर परळचं ऑफिस, आणि आमच्या मजल्यावरचं लेडीज टॉयलेट तोडलंय. दोन मजले खाली जा, तिथे रांग लावा.

पँट्रीतल्या मावशींची पाण्याची बाटली संध्याकाळी पाचलाही गळ्यापर्यंत भरलेली. विचारलं तर म्हणाल्या, “प्यायलं की जावं लागतं ना ताई.”

२०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार पुरेशी स्वच्छतागृहं देणं मालकाची जबाबदारी आहे. रिनोव्हेशन निघालं म्हणून ती सुट्टीवर जात नाही.

केबिनवाल्यांचं टॉयलेट मात्र शाबूत आहे बरं का! ते आम्हाला का उघडत नाही, हे उद्या लेखी विचारतोय. सहीला कोण कोण येतंय?