राग जात नाही

दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय. इथे इंग्लंडात, डर्बी कॅथेड्रलमध्ये, हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगत होते. घराण्याच्या दफनघरात तोही तिथेच आहे. १७९८ साली पृथ्वीची घनता मोजणारा माणूस. पण मोलकरीण समोर येऊ नये म्हणून घरात वेगळा जिना बांधून घेतला, जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. ऐकणारे सगळे कौतुकाने हसत होते. तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी डोळ्यांसमोर बोटं फडफडवत गुणगुणायला सुरुवात केली. आत्ता हसणाऱ्या त्याच बाईंनी मागे वळून असं पाहिलं की मी त्याला घेऊन बाहेर आले.

मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्सनी २००१ मध्ये लिहिलं होतं की कॅव्हेंडिशमध्ये अ‍ॅस्पर्जरची, म्हणजे एका प्रकारच्या ऑटिझमची, लक्षणं ठळक दिसतात. म्हणजे लेकाच्याच जातकुळीतला. मग त्याच्या तऱ्हा गोड आणि ह्याच्या का नाहीत? कॅव्हेंडिशचे दोन्हीकडचे आजोबा ड्यूक होते, अमाप पैसा होता. त्याला कुणाकडे नोकरी मागायची नव्हती, आणि आता तर तो कुणाला त्रासही देऊ शकत नाही.

हा देश तऱ्हेवाईक माणसांवर प्रेम करतो, हे आल्यापासून ऐकतेय. खोटं नाही ते. ऑटिझमसाठी २००९ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. तरी २०२४ चा सरकारी बकलंड अहवाल सांगतो, कामाच्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांपैकी दहातली तीनच नोकरीत आहेत. लेक आता चौदाचा होईल. पुढचं... नको, आज नको.

आईला फोन केला तर म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस." कसं नको?

पण स्टेशनवरचे ते आजोबा आठवले. इंजिनांचे नंबर वहीत टिपतात. लेक शेजारी उभा राहून मोठमोठ्याने नंबर म्हणतो, तर ते ना दचकतात ना उगाच गोड हसतात. "चुकलास, शेवटी सात," एवढंच. लेक मान्य करतो, जे तो माझंही करत नाही! त्या बाकावर त्याला कुणी सांभाळून घेत नाही. त्याची गरजच पडत नाही.

राग अजून आहे. तो राहू दे. शनिवारी जुनं डिझेल इंजिन येणार आहे म्हणे, लवकर निघायला हवं.