काकांचे आठ डबे

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. मे महिन्यात चादरीचा धंदा करणारे एक काका स्वतःच गिअरबॉक्सचं ऑइल घेऊन आले. एकेक लिटरचे आठ डबे, मोबाईलवर वाचून आणलेले. गाडी सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारी. खालचा नट काढला, मोजून चार लिटर निघालं. तेवढंच भरलं.

"काय ओ मिस्तरी, निम्मंच की! आठ लिहिलंय."

"काका, आठ हे कोरड्या गिअरबॉक्सचं माप. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, कूलरच्या पायपांत अडकून असतं, नट काढला म्हणून पडत नाही. वरून आणखी चार ओतलं तर आत ताक घुसळल्यासारखा फेस होईल, प्रेशरच राहणार नाही."

काकांनी मान डोलावली, पण उरलेले चार डबे दोनदा मोजून डिकीत ठेवले.

तिसऱ्या दिवशी फोन. "तुळजापूरच्या घाटात वळणावर रेस वाढतीय, गाडी ओढंना. सकाळी डी टाकलं की दोन सेकंद गप बसतीय. म्हणलो नव्हतो, आठ लागतंय?"

मी गप्प. कारण चूक माझीच होती, फक्त काका म्हणत होते ती नव्हे.

या गाडीला डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, नाही. लेव्हलचा वेगळा नट असतो. इंजिन चालू ठेवायचं, ऑइल ३५ ते ४५ अंशांत असताना तो उघडायचा, जास्तीचं गळून बारीक धार तुटत आली की बंद. मी तो उघडला भर दुपारी अडीचला, पत्र्याच्या शेडखाली, तेही ट्रायल मारून आल्यावर. ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर कपाटात! ऑइल ऐंशीच्या आसपास तापलेलं असणार. तापलेलं ऑइल फुगतं. जास्तीचं म्हणून मी ट्रेमध्ये जाऊ दिलं ते गाडीच्या हक्काचं होतं. थंड झाल्यावर लेव्हल खाली बसली, आणि वळणावर ऑइल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढायला लागला.

गाडी रात्रभर गॅरेजवरच ठेवून घेतली. सकाळी सहाला काका हजर. स्कॅनरवर २९ अंश. सोलापूरच्या मे महिन्यात हे काम करायला हीच वेळ. दुपारी गाडी चालू करण्याआधीच ऑइल चाळिशीला टेकलेलं असतं. ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असा लिव्हर सावकाश फिरवला. ३८ ला नट उघडला. थेंब नाही. पंपाने थोडं थोडं चढवत गेलो, आणि साधारण तीनशे मिलीला धार सुरू झाली.

"तीनशेच?" काका म्हणाले. "आणि हे मागच्या वेळीच का नाही?"

"चुकलं माझं. मजुरी नको."

डी टाकला, गाडीने लगेच पकडलं. काकांनी हॉटगी रोडपर्यंत फेरी मारून आणली, काही बोलले नाहीत. मग डिकी उघडून डबे मोजले. तीन बंद, एक फोडलेला. फोडलेल्याला प्लास्टिकची पिशवी बांधून तोही घेऊन गेले.