तुम्ही विचारलंत म्हणून: मग लोकांनी राहायचं कुठे?

विरार लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना मला हा प्रश्न विचारला गेलाय. "तुम्ही वसईवाले बिल्डिंगांना विरोध करता, ठीक आहे. पण मग लोकांनी राहायचं कुठे?" विचारणारा बहुतेक वेळा भला माणूस असतो. त्याने वीस वर्षांचं कर्ज काढून नालासोपाऱ्याला नाहीतर वसई रोडला वन बीएचके घेतलेला असतो, आणि त्याला वाटतं की आम्हाला तोच नको आहे.

तसं नाहीये. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेलेली होती. आलेली माणसं इथली झाली, त्यांची मुलं आमच्या मुलांच्या वर्गात बसली. भांडण आहे ते जागेवरून. कुठे बांधायचं आणि कुठे नाही, एवढंच.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. वसईच्या दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंनी खारं पाणी. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, आणि मधून रेल्वेचे रूळ. रुळांच्या पश्चिमेला आगाशी, नंदाखाल, निर्मळ, वाघोली, गास, भुईगाव, गिरीज अशी गावं पसरलीत, तो आमचा हरित पट्टा. केळी, पानवेली, नारळ, जाई, मोगरा, चाफा, भाजीपाला. पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या फुलांच्या पाट्या याच पट्ट्यातल्या. आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, इथलीच. तिन्ही बाजूंना खारं असताना हे सगळं पिकतं कसं, हे मात्र मला लोकलमध्ये कोणी विचारत नाही.

पिकतं ते बावखलामुळे. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं, आधीच्या पिढ्यांनी हाताने खणलेलं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं आणि मग सावकाश जमिनीत मुरत राहतं. समुद्रकाठच्या रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्याच्या वर राहतं, दुधावर साय धरते तसं. वरून मुरणं चालू आहे तोवर खारं खालीच राहतं. मुरणं थांबलं, किंवा वरचं गोडं भसाभस उपसलं, की ते वर सरकतं. आधी चहा मचूळ लागतो. मग पानवेलीच्या पानांच्या कडा करपायला लागतात. केळीपर्यंत गोष्ट पोचली की समजायचं, विहीर गेली.

आमच्या वाडीत रहाट होता. रेडा गोल फिरायचा, मातीची गाडगी एकामागोमाग वर येऊन पन्हळीत रिकामी व्हायची, तिथून पाणी पाटाने केळीच्या आळ्यांत. आम्हा पोरांचं काम पाट फिरवायचं: एक आळं भरलं की मातीचा बांध फोडून पुढच्या आळ्याला वाट द्यायची. पंप आला, रहाट मोडीत गेला आणि त्याच्याबरोबर बावखलाची निगराणीही गेली. गाळ काढायला माणूस मिळेना. डास होतात म्हणून शेजारीपाजारी कुरकुरायला लागले. असं पडीक बावखल दिसलं की कोणीतरी येतोच, राबिटाच्या, म्हणजे पाडकामाच्या मलब्याच्या, गाड्या फुकट रित्या करून देतो म्हणणारा. चार दिवसांत भरणी. मग सातबारा काढून बघा. बहुतेक बावखलांची तिथे नोंदच नाही. कागदावर जमीन आधीपासून सपाट होती, कोणाचं काही बिघडलं नाही.

म्हणून "मोकळी जमीन" हा शब्द कोणी वापरला की माझं डोकं फिरतं. वाडी मोकळी नसते. ती पाणी साठवते, आणि ते पाणी फक्त केळी पीत नाही, बिल्डिंगाही पितात. हीच तर यातली गंमत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारने वसईची शेतजमीन बांधकामाला खुली करायचं ठरवलं, इमारती उठल्या, पण त्यांना नळच नव्हता. फ्लॅट विकले गेले ते टँकरच्या भरवशावर. टँकर भरायचे कुठे? आमच्याच पट्ट्यातल्या विहिरींवर. दिवसरात्र पंप चालायचे, शेजारच्या विहिरी खाऱ्या व्हायच्या. बोलायला गेलं तर समोर टँकरवाले आणि त्यांच्यामागे कोण, हे वसईत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सूर्या धरणाचं पाणी पुढे आलं, वाढतही गेलं, पण बिल्डिंगा कायम त्याच्या दोन पावलं पुढे.

त्या काळात हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक. बाहेरच्या लोकांना ते २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत. आम्हाला त्याआधी तीस वर्षं मोर्चाच्या पुढे चालणारे म्हणून. धर्मगुरूने जमिनीच्या भानगडीत पडावं का, यावर तेव्हा चर्चच्या आतही कुजबुज व्हायची. मला विचाराल तर त्यांनी पडावं हेच बरोबर होतं. नाहीतर ही लढाई एकेका शेतकऱ्याने एकेकट्याने लढली असती, आणि एकेकटा शेतकरी बिल्डरच्या चहाला लवकर वश होतो.

पुढचा अध्याय महापालिकेचा. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. ग्रामसभा जाणार आणि वाडीचं भवितव्य लांब कुठल्या तरी दालनात ठरणार, म्हणून गावं पेटली. त्याच वर्षी गावांच्या बाजूने उभे राहिलेले विवेक पंडित अपक्ष आमदार म्हणून निवडून आले, ते याच लाटेवर. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायची अधिसूचना काढली, ती कोर्टात अडकून पडली, आणि २०२४ मध्ये सरकारने ती गावं पुन्हा महापालिकेत घेतली. तेरा वर्षं आम्ही ग्रामपंचायतीचे की महापालिकेचे, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. अशा धुक्यात चाळी आणि गाळे फार लवकर उठतात.

आणि २०१८ चा जुलै आठवतो ना? नालासोपारा, वसई पाण्याखाली, लोकल बंद, मिठागरांतली वस्ती चहूबाजूंनी वेढलेली. तुंगारेश्वरवरून येणारं पाणी पूर्वी नाले, खाजणं, मिठागरं यांत पसरायचं आणि ओहोटीला खाडीत उतरायचं. वाटेत भराव घालून ठेवल्यावर ते तुमच्या पार्किंगमध्ये येणार नाही तर काय करणार? सर्वात आधी बुडाले ते नवे राहायला आलेले. आमची जुनी घरं मूळची उंचवट्यावर.

आता तुमचा प्रश्न. राहायचं कुठे? जिथे आधी नळ, गटार आणि रस्ता पोचलाय तिथे, स्टेशनच्या टप्प्यात. मोडकळीस आलेल्या जुन्या इमारती पाडून नव्याने, त्याच रहिवाशांना धरून. हे किचकट आहे, त्यात बिल्डरला नफा कमी, म्हणून सगळ्यांना वाडी दिसते. बरं, वाड्यांत जे उठतं ते तरी तुमच्यासाठी असतं का? जाहिरात बघा: निसर्गाच्या कुशीत, समुद्रापासून पाच मिनिटांवर. खालची किंमत वाचलीत की कळेल, विरार फास्टला लटकणाऱ्यासाठी ही कूस नाही. गरजवंताला काय मिळालं तेही बघा. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ बेकायदा इमारती बांधून विकल्या गेल्या, आणि हायकोर्टाच्या आदेशाने २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. हजारो माणसं भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर आली. विकणारे नव्हेत, राहणारे. त्यांना कोणत्याही हरित पट्ट्याने घराबाहेर काढलेलं नाही.

आमची माणसंही धुतल्या तांदळासारखी नाहीत. मोर्चात घोषणा देऊन संध्याकाळी बयाणा घेतलेले मला माहीत आहेत, आणि त्यांचा मला पूर्वी यायचा तेवढा राग आता येत नाही. पानवेलीला रोज हात लागतात आणि मजूर मिळत नाही. मुलगा बँकेत, सून शाळेत, वाडीचे हिस्सेदार सात. आंदोलनाने जमीन वाचवली, पण वाडी करणाऱ्याला चार पैसे कसे सुटतील याकडे आम्ही पुरेसं बघितलं नाही. फुलाला दादरला मिळणारा भाव आणि गुंठ्याला मिळणारा भाव शेजारी ठेवून बघा, कोणाचंही मन डळमळेल.

यानंतर हमखास येणारा प्रश्न असतो, "तुम्ही स्वतः विकणार नाही?" सांगतो. विकावीच लागली तर वाडी म्हणून विकीन, बावखल सातबाऱ्यावर चढवून. तसं गिऱ्हाईक अजून आलेलं नाही. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर पाठवा, दर बसून ठरवू.