जुनी टाकी आणि क्रेनचा पाय

घरामागे स्पाचा टब बसवायचा होता. बाजूची वाट अरुंद, त्यामुळे टब क्रेनने छपरावरूनच न्यावा लागणार होता. रिकामा टब जेमतेम ४०० किलोचा आणि क्रेन भलीमोठी, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

पण क्रेनचं खरं गणित अंतराचं असतं. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, जितका आडवा आणि लांब जातो, तितकी उचलायची ताकद झपाट्याने उतरते. जवळ कित्येक टन पेलणारं यंत्र छपरापलीकडे त्यातला थोडाच भाग पेलतं. शिवाय बूम ज्या बाजूला वळतो, क्रेनला तोलून धरणाऱ्या त्या बाजूच्या पायावर बहुतेक भार येतो.

टब छपराच्या कडेशी पोचला तेव्हा मी नेमका त्या पायाकडे बघत होतो. पायाखाली ठेवलेल्या पाट्याशेजारी मातीला बोटभर भेग पडली आणि पाटा एका कोपऱ्यातून आत जायला लागला. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. ऑपरेटरने बूम जागीच थांबवला, मग हळूहळू मागे घेऊन टब खाली ठेवला. तोवर पलीकडचा पाय जमिनीपासून दोन बोटं सुटला होता. त्याच छपराखाली माझी आई झोपली होती. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

पाट्याखाली आमची जुनी, बंद केलेली सेप्टिक टाकी होती. मला ती ठाऊक होती. मला कुणी विचारलं नाही, आणि आपण सांगायला हवं हे मलाही सुचलं नाही. ऑपरेटरला ती दिसणार तरी कशी?

दुसऱ्या खेपेला उचलण्याआधी क्रेनवाल्यांचा माणूस माझ्याबरोबर सगळं आवार फिरला. टाकी, पाइप, नुकताच बुजवलेला चर, जे जे आठवलं त्यावर मी फक्की मारली. वरच्या विजेच्या ताराही दाखवल्या. क्रेन दुसऱ्या बाजूला लावली, चारही पाय पूर्ण बाहेर काढले आणि खाली जाड लाकडी फळ्या घातल्या. विम्याचं मी आधीच विचारून घेतलं होतं. घराच्या नुकसानीचा विमा असला तरी हुकाला लटकलेल्या मालाचा त्यात असेलच असं नाही. घर पूर्ण रिकामं केलं. वारा होता, म्हणून तासभर थांबलो. टब गिरकी घेऊ नये म्हणून दोघांनी दोरांनी धरला, दोघेही त्याच्या खाली न येता.

टब नीट बसला. पावसात फक्की धुऊन जाणार, म्हणून टाकीच्या चारही कोपऱ्यांवर मी दगड रोवले आहेत. हा टब कधी काढायचा झाला, तर पुन्हा क्रेनच येईल.