आईने गिळलेला कॅमेरा

आज सकाळी आईने जेमतेम 26 मिलिमीटर लांबीची कॅमेऱ्याची गोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि पुढचे आठ तास तिच्या कमरेच्या पट्ट्यावरील रेकॉर्डरचा बारीक दिवा लुकलुकत राहिला. तिचे हिमोग्लोबिन वर्षभर का घसरत आहे, याचा पत्ता ना तोंडातून नळी घालून केलेल्या एंडोस्कोपीत लागला होता, ना गुदद्वारातून नळी घालून केलेल्या कोलोनोस्कोपीत. लहान आतड्याच्या ज्या मधल्या भागात त्या नळ्या पोहोचत नाहीत, तिथे ही गोळी भूल न देता, आतड्याच्याच हालचालीने पुढे सरकत हजारो छायाचित्रे टिपते. या सोयीबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

मात्र ही छायाचित्रे कोणाकडे आणि किती काळ राहणार, असे संमतिपत्रावर सही करताना विचारले, तेव्हा काउंटरवर कोणालाच उत्तर देता आले नाही.

अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळालेली ‘ॲबिलिफाय मायसाइट’ ही मानसिक आजारावरची गोळी तर आणखी पुढे जाते. तिच्यातील वाळूच्या कणाएवढा सेन्सर जठररसाने जागा होतो, अंगावरील पट्टीला संकेत देतो आणि गोळी घेतल्याची नोंद मोबाईलवर पोहोचते. रुग्णाने परवानगी दिल्यास डॉक्टर व घरची मंडळीही ती पाहू शकतात. पण आपल्यावर कोणी पाळत ठेवत आहे या भीतीने आधीच ग्रासलेला रुग्ण ती परवानगी कितपत मोकळेपणाने देईल, ही शंका माझ्या मनातून जात नाही. त्यात हा सेन्सर बनवणारी प्रोटियस कंपनी 2020 मध्ये दिवाळखोरीत निघाली.

संध्याकाळी रेकॉर्डर परत करताना मी सकाळचाच प्रश्न लेखी दिला आणि अर्जाची पोच घेतली.