चार सप्टेंबर आणि नानांचा रुमाल

दरवर्षी ४ सप्टेंबरला आमचं अमळनेरचं फुटबॉल मंडळ शाळेच्या हॉलमध्ये जमतं. दीपप्रज्वलन, शाल-नारळ, अहवालवाचन उरकलं जातं. सगळे खोळंबलेले असतात ते नानांसाठी.

नाना स्टीलचा पेला माईकसारखा धरतात आणि याच तारखेला झालेली १९६२ च्या जकार्ता एशियाडची फुटबॉल फायनल सुरू करतात. पाहिलेली नाही त्यांनी. वाचून-ऐकून पाठ केलेली. समोर दक्षिण कोरिया, प्रेक्षक आपल्याविरुद्ध. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग एरवी बॅकला खेळणारा, कोच रहीमसाहेबांनी त्याला फॉरवर्डला घातलेला. इथे नाना खिशातला रुमाल काढून कपाळाला बांधतात. बोटं थरथरतात, गाठ लवकर बसत नाही, आणि हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नाही. मग पीके बॅनर्जींचा गोल, पाठोपाठ जर्नेलचा. २-१, सुवर्णपदक! सगळं ठाऊक असून माझे डोळे भरतात. रहीमसाहेबांना कॅन्सर होता, पुढच्याच जूनमध्ये ते गेले, हे नाना खाली बसता बसता सांगतात.

गेल्या वर्षी मात्र हे ऐकायला एक्केचाळीस जण. त्यात सहा मंडपवाले. आबांनी विचारलं, "कितला जण उनात रे?" मी म्हणालो, सत्तर. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, बोलले काही नाही.

२०१८ च्या जूनमध्ये अंधेरीत भारतानं चायनीज तैपेईला म्हणजे तैवानला ५-० हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि स्टेडियममध्ये माणसं २,५६९. मग छेत्रीनंच व्हिडिओ काढून विनवलं, शिव्या द्या पण मैदानावर या. आम्ही सात जण जळगावहून रात्रीच्या गाडीनं केनियाच्या मॅचला गेलो. त्याची शंभरावी मॅच, धो धो पाऊस, स्टेडियम खच्चून भरलेलं, ३-०, त्यात त्याचे दोन. टी-शर्टचा रंग उतरून माझं बनियन निळं झालं, ते अजून जपून ठेवलंय. जे आले नव्हते, तेच आता त्या मॅचच्या गोष्टी जास्त रंगवून सांगतात.

आता कार्यक्रमाला हातभार लावणाऱ्यांचे आभार. शेवभाजीचा रस्सा जिभाऊंचा, भाकरी काकूंच्या आणि त्यांच्या दोन्ही सुनांच्या, सतरंज्या शाळेच्या, प्रोजेक्टर ड्रॉइंगच्या सरांचा. लाइट गेली तेव्हा जनरेटर ढकलत आणणारी दहावीची पोरं. पाण्याचे जार वहिनींकडून. मागे एकदा त्यांचं नाव राहिलं, तर दिवाळीपर्यंत अबोला होता. आणि नानांना घरून आणणारा रिक्षावाला. तो भाडं घेत नाही, मागच्या दाराशी उभा राहून अख्खी फायनल ऐकतो.